दादरच्या मामांच्या लाल चोपडीतलं माझं पाऊल

मामांच्या चपला-बुटांच्या दुकानाला पाटी नाही, म्हणून पत्ता नीट सांगतो. दादरला पश्चिमेला उतरायचं, कबुतरखान्याकडे चालत निघायचं. कबुतरखान्याच्या अलीकडे एका बोळात जुन्या इमारतीच्या जिन्याखाली चामड्याचा आणि सोल्युशनचा वास येईल, तेच दुकान. बसायला एकच स्टूल. मालक मूळचे कोल्हापूरकडचे, सत्तरीच्या आसपास, सगळे त्यांना मामाच म्हणतात. तयार माल भिंतीवर थोडाच टांगलेला असतो. मापाने शिवून घ्यायचं असेल तरच इथे जा.

मी बेस्टमध्ये कंडक्टर आहे, वडाळा डेपो. दिवसभर उभ्याने काम, त्यामुळे पायात काय घालतो याला आमच्यात फार महत्त्व. २०१४ साली मी मामांकडे पहिला जोड केला. मामा माप घेतात ते बघण्यासारखं असतं. लाल कापडी बांधणीची लांब चोपडी जमिनीवर उघडतात, तुम्हाला त्यावर उभं करतात, बसलेल्या माणसाचं माप घेतच नाहीत. मग पेन्सिल सरळ उभी धरून टाचेपासून सुरुवात करून एक एक बोट वळत पूर्ण पाऊल काढतात. चवड्याचा घेर कापडी टेपने, घोट्याचा वेगळा. खाली तारीख आणि नाव. गिऱ्हाईक दहा वर्षांनी आलं तरी पान सापडतं.

माझं पान त्यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये उघडलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. २०१४ ला आठ नंबर. २०१७ ला नऊ. आता दहाचा फरमाही (ज्यावर जोड शिवतात तो साचा) चवड्याला अडत होता. मी म्हटलं, "मामा, वजन वाढलंय, उभ्याने काम, पाय सुजतात." त्यांनी माझ्या पावलावर अंगठा दाबून धरला, मग काढला. "सूज असती तर खड्डा पडला असता, भाऊ. ह्ये मांस भरलंय. वय झालं की पाय पसरतो, अर्धा नंबर वाढतो. दोन नंबर नाही वाढत. मोठ्या डॉक्टरला दाखवा. त्यानंतरच जोड शिवीन." त्या दिवशी त्यांनी ऑर्डर घेतली नाही, आगाऊ पैसेही घेतले नाहीत.

मला तेव्हा शुगर होती, बीपी होतं. घोरण्यामुळे बायको दुसऱ्या खोलीत झोपायची. हाताला रात्री मुंग्या यायच्या, बोटं इतकी जाड झाली होती की तिकिटाच्या मशीनवर एका बोटाखाली दोन बटणं दाबली जायची. लग्नाची अंगठी सोनाराकडून कापून काढली होती. थंडीतही शर्ट घामाने भिजायचा. घराजवळच्या एका दवाखान्यात तीन वर्षं जात होतो. शुगरची गोळी वेगळी, बीपीची वेगळी, मुंग्यांसाठी व्हिटॅमिन. प्रत्येक तक्रारीला औषध मिळालं, पण हे सगळं एकाच माणसाला का होतंय, हे कोणी विचारलं नाही. मामांनी माझे दोन पाय आठ वर्षांच्या अंतराने शेजारी शेजारी ठेवून पाहिले, एवढाच फरक.

परळच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात हार्मोनच्या ओपीडीत गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरांनी हात हातात घेतले, जीभ बघितली, दातांमधल्या फटी बघितल्या आणि जुना फोटो मागितला. माझं २००९ चं ओळखपत्र दाखवलं. त्या फोटोतला जबडा आणि समोरचा जबडा एकाच माणसाचा वाटत नव्हता. आजाराचं नाव ॲक्रोमेगाली. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते, तिच्यात साधी गाठ होते (कॅन्सर नव्हे) आणि वाढीचं हार्मोन प्रमाणाबाहेर सुटत राहतं. हेच लहानपणी झालं तर मूल ताडमाड उंच होतं, कारण हाडांची टोकं अजून जुळलेली नसतात. मोठ्या माणसाची उंची वाढत नाही, मग हात, पाय, जबडा, नाक, जीभ रुंदावतात. आतून हृदयही जाड होतं. कुस्तीतला खली सगळ्यांना माहीत आहे, त्याच्या पीयूषिकेतली गाठ २०१२ मध्ये काढली होती.

तपासणीबद्दल थोडं सांगतो, कारण लोक उगाच घाबरतात. हे हार्मोन रक्तात लाटांसारखं येतं-जातं, त्यामुळे ते कधीही एकदाच मोजून उपयोग नसतो. त्याच्या हुकमावरून यकृत आयजीएफ-१ नावाचा पदार्थ बनवतं, तो दिवसभर जवळपास सारखा राहतो. तो एका सुईत कळतो. मग ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तास थोड्या थोड्या वेळाने रक्त घेतात. निरोगी माणसात साखरेने हे हार्मोन खाली बसतं. माझं बसलं नाही. एमआरआयमध्ये १४ मिलिमीटरची गाठ दिसली, डोळ्यांच्या नसांना खालून टेकलेली, त्यामुळे बाजूचं कमी दिसत होतं. बसमध्ये बाजूला उभ्या प्रवाशांना मी का धडकतो, ते तेव्हा समजलं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये नाकातून ऑपरेशन झालं. नंतर काही आठवडे वाकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, जोर करायचा नाही. बुटाची नाडीसुद्धा बांधता येत नव्हती. बायकोने मामांना सांगितलं, तर त्यांनी बकल नसलेला, नुसता पाय सरकवायचा जोड चार दिवसांत शिवून दिला. आतला तळ मऊ, चवड्याला जागा जास्त. एरवी मामा सांगितलेल्या तारखेला कधीच देत नाहीत, हे खरं आहे. दोन-तीन फेऱ्या मारायची तयारी ठेवा. किंमतही फूटपाथपेक्षा बरीच जास्त, माझा रुंद जोड १,८०० ला पडला. पण तो अडीच वर्षं रोज घालतोय, शिवण एका ठिकाणीही उसवलेली नाही.

ओपीडीच्या बाकावर पनवेलकडची एक ताई भेटली. नऊ वर्षांचा मुलगा, दिसायला पाच-सहाचा. त्याला माझ्या उलट, तेच हार्मोन कमी. वर्षाला चार सेंटिमीटरही वाढत नव्हता, शाळेत पहिल्या बाकावरून हललाच नाही. रोज रात्री झोपण्याआधी पेनसारखं इंजेक्शन. ते फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, प्रवासात बर्फाच्या पिशवीतून न्यावं लागतं. मेस्सीलाही लहानपणी हीच इंजेक्शनं होती, हे त्या मुलाने मला सांगितलं. दोन वर्षं त्याची एकच चप्पल चालली होती, झिजली पण आखूड झाली नाही. मी त्यांना मामांकडे पाठवलं.

माझ्या भाच्याला लालबागच्या जिममध्ये कोणीतरी दंड भरावेत म्हणून याच हार्मोनच्या कुप्या घ्यायला सांगत होतं. त्याला मी घरी बोलावलं, अंगठी कापलेलं बोट दाखवलं, शुगरचे रिपोर्ट दाखवले, हृदयाचा इको दाखवला. कमी असलेल्या पोराला डॉक्टर मोजून देतात ते औषध. धडधाकट माणसाने टोचून घेतलं तर माझ्या वाटेने जायचं. तिथून त्याने नाव काढून घेतलं.

ऑपरेशननंतर मांसाचा फुगवटा काही दिवसांतच उतरायला लागला. घाम थांबला, घोरणं कमी झालं, शुगरची एक गोळी सुटली. जबड्याचं हाड आहे तसंच राहणार. आयजीएफ-१ आता वयाप्रमाणे येतं, वर्षातून एकदा तपासायचं. आतड्याची दुर्बिणीतून तपासणीही करून घेतली, या आजारात तीही करायला सांगतात.

गेल्या महिन्यात नवीन जोडासाठी गेलो. मामांनी चोपडी जमिनीवर उघडली, मला उभं केलं, पेन्सिल फिरवली. लांबी तीच, पण चवड्याचा घेर बोटभर आत आलाय. जुनी रेघ पुसू नका, मी म्हटलं. मग त्यांनी पुढची दोन पानं उलटून पनवेलच्या पोराचं पाऊल दाखवलं. एकात एक अशा तीन रेघा, सहा-सहा महिन्यांच्या, प्रत्येक बाहेरची रेघ आतलीपासून चांगली सुटी. शेवटच्या रेघेखाली त्याने स्वतःच्या हाताने तारीख घातली आहे.

दुकान सोमवारी बंद असतं. माझा जोड गुरुवारी देतो म्हणालेत, म्हणजे मी शनिवारी जाईन.