हॅरिसनची पहिली एलपी कोणती घ्यावी: जगभर गाजलेली की आपल्या फोर्टात रेकॉर्ड झालेली?

ऐरोलीत राहणाऱ्या माझ्या भाच्याने दिवाळीच्या बोनसमधून रेकॉर्ड प्लेअर घेतला आणि दुसऱ्याच दिवशी फोन केला. "मावशी, बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनची सध्या एकच रेकॉर्ड परवडेल. कोणती घेऊ?" त्याच्या मित्रांनी एकमुखाने एकच नाव सुचवलं होतं, 'ऑल थिंग्ज मस्ट पास'. दहा वर्षांपूर्वी मीही डोळे मिटून तेच सांगितलं असतं. या वेळी मात्र मी त्याला म्हटलं, जरा थांब, आधी 'वंडरवॉल म्युझिक' ऐक आणि मग ठरव. हाच प्रश्न पडलेल्या इतरांसाठी दोन्ही अल्बम शेजारी ठेवून हे लिहिते आहे.

'वंडरवॉल म्युझिक' हा १९६८ चा अल्बम. बीटल्स या इंग्लिश बँडमधल्या चौघांपैकी कुणी स्वतःच्या नावावर काढलेला पहिला, आणि त्यांच्या ॲपल या रेकॉर्ड कंपनीची पहिली एलपी. जो मॅसॉट या दिग्दर्शकाच्या 'वंडरवॉल' चित्रपटासाठी हॅरिसनने हे संगीत केलं. चित्रपट फारसा कुणी पाहिला नाही. अल्बम नोव्हेंबरच्या सुरुवातीला आला आणि तीनच आठवड्यांत बीटल्सचा पांढऱ्या कव्हरचा दुहेरी अल्बम बाजारात आला. त्या लाटेत हा वाहून गेला. शिवाय यात हॅरिसन गात नाही. एकोणीस तुकडे, जवळजवळ सगळे वाद्यांचे, आणि सगळे मिळून पाऊण तासाच्या आसपास. ठाण्याहून पनवेलला जाणाऱ्या ट्रान्स-हार्बरच्या गाडीत बसलात तर उतरायच्या आत ऐकून होतो.

'ऑल थिंग्ज मस्ट पास' नोव्हेंबर १९७० चा. तीन रेकॉर्ड्सचा संच, पावणेदोन तासांचा ऐवज. बीटल्सच्या अल्बमवर लेनन-मॅकार्टनीच्या गाण्यांपुढे हॅरिसनच्या वाट्याला एक-दोन जागा यायच्या, त्यामुळे वर्षानुवर्षं गाणी साचत गेली होती. चौघे वेगळे झाल्यावर ती सगळी एकदम बाहेर आली. एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार, बिली प्रेस्टन, पेडल स्टील गिटार वाजवणारा पीट ड्रेक अशी वादकांची जत्राच जमली होती, आणि बॉब डिलनबरोबर लिहिलेलं गाणं अगदी सुरुवातीलाच आहे. अमेरिकेत हा अल्बम सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. तो थोर आहे याबद्दल माझा काहीच वाद नाही. 'इजन्ट इट अ पिटी' मी आजही मध्येच बंद करू शकत नाही.

मग 'थांब' का म्हटलं? त्यासाठी जानेवारी १९६८ मध्ये जावं लागेल.

हॅरिसन त्या महिन्यात मुंबईत आला आणि फोर्टात सर फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने इथल्या वादकांबरोबर काही दिवस काम केलं. लंडनमधल्या सोयी इथे नव्हत्या. चार-चार ट्रॅकवर एकेक वाद्य वेगळं घेऊन नंतर जुळवायची चैन नाही. वाजवतानाच तोल साधायचा आणि तोच कायमचा. स्टुडिओला बाहेरच्या आवाजापासून पुरतं संरक्षणही नव्हतं. हॅरिसनने पुढे सांगितलं होतं की नीट कान दिला तर काही तुकड्यांत रस्त्यावरून जाणाऱ्या टॅक्सी ऐकू येतात, आणि साडेपाचला ऑफिसं सुटली की जिन्यावरच्या पायांच्या धडधडाटामुळे रेकॉर्डिंग थांबवावं लागायचं.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिले. माझे वडील त्या काळात फोर्टातच कारकून होते, राहायला नौपाड्यात. साडेपाचला सुटायचं, चालत बोरीबंदर गाठायचं आणि ठाणे लोकल पकडायची, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. ते त्या इमारतीत नव्हते, पण त्या वेळी त्या रस्त्यांवरून स्टेशनकडे निघालेल्या हजारोंत ते होतेच. तो जिना उतरणारे पाय कुठल्या दिशेने धावत होते हे ठाणेकराला सांगायला नको. आमच्या माणसांची गाडी चुकू नये म्हणून एक बीटल रोज संध्याकाळी टेप बंद करून बसायचा, असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे.

मुंबईच्या या तुकड्यांत वाजवणारे कोण, ते कव्हरवर छापलं आहे: संतूरवर शिवकुमार शर्मा, सूरबहारवर चंद्रशेखर नारिंग्रेकर, तार-शहनाईवर विनायक व्होरा, बासरीवर एस. आर. केंकरे, हार्मोनियम आणि तबलातरंगावर रिजराम देसाद, शहनाईवर शरदकुमार आणि हनुमान जाधव. परदेशी समीक्षक ही यादी 'भारतीय वादक' अशा दोन शब्दांत उरकत आले. आपल्या दृष्टीने तिच्यात नारिंग्रेकर आहेत, केंकरे आहेत. अशी आडनावं आपल्या सोसायटीच्या पाट्यांवर असतात. आणि शिवकुमार तर त्याच सुमारास हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांच्यासोबत 'कॉल ऑफ द व्हॅली' करत होते. तुमच्या आईवडिलांकडे ती रेकॉर्ड किंवा कॅसेट असेल तर 'इन द पार्क' लावताच संतूरचा आवाज ओळखीचा वाटेल. भाच्याकडे हा तुकडा लावला तेव्हा माझी बहीण आतून ओट्यावरचं काम टाकून आली आणि म्हणाली, "शिवजी ना?" तिला हॅरिसन कोण हे धड माहीत नाही.

म्हणूनच माझं मत असं की या अल्बमची किल्ली आपल्या हातात आहे. शहनाईने सुरू होणारा 'मायक्रोब्स' ऐकून परक्या कानाला गूढ काहीतरी जाणवत असेल. आपल्याला त्यातली करुण छटा सरळ पोहोचते. 'गत किरवाणी' हे नाव ज्यांना नुसता विचित्र शब्द वाटतं त्यांना काय मिळणार? हा मूळचा कर्नाटक संगीतातला राग, हिंदुस्थानी तंतुवादकांनी आपलासा केलेला. आशिष खान यांचा सरोद इथे एक-सव्वा मिनिटात लय चढवून समेवर आणतो. 'लव्ह सीन'मध्ये एक सरोद विचारतो आणि दुसरा उत्तर देतो. ती जुगलबंदी एकाच माणसाची आहे: आशिष खान यांनी आधी एक बाजू वाजवली आणि मग तिच्यावर दुसरी. 'क्राइंग'मध्ये विनायक व्होरांची तार-शहनाई खरोखर हुंदके देते. (तार-शहनाई म्हणजे इसराजच्या जातीचं, गजाने वाजवायचं वाद्य, त्याला कर्ण्यासारखा धातूचा भोंगा लावलेला असतो म्हणून आवाज शहनाईच्या जवळ जातो.)

आता उणी बाजू, कारण घेणाऱ्याने तीही ऐकली पाहिजे. हॅरिसनने चित्रपटातली दृश्यं स्टॉपवॉच लावून मोजली आणि तेवढ्या वेळापुरतं संगीत बांधलं. त्यामुळे शास्त्रीय मैफलीची सवय असलेला श्रोता नक्की चिडेल. आलापात मन रमायला लागावं तोच तुकडा संपतो, आणि पुढे लंडनमध्ये वाजवलेला गावठी पियानो किंवा माउथ ऑर्गनचा काउबॉय प्रकार येतो. 'ड्रिलिंग अ होम' आणि 'काउबॉय म्युझिक' मला अजूनही आवडत नाहीत. चित्रपटाला त्यांची गरज असेल, एलपीला नव्हती. 'ड्रीम सीन' मात्र सोडू नका. कापलेल्या, उलट्या फिरवलेल्या टेपा, त्यांत आपल्याकडचे गाणारे आवाज; बीटल्सने असला प्रयोग प्रसिद्ध केला तो यानंतर. 'स्कीइंग'मध्ये क्लॅप्टनची करवतीसारखी गिटार आहे, कव्हरवर नाव मात्र खोटं छापलेलं.

'ऑल थिंग्ज'ची उणीव नेमकी उलटी. तिथे काहीच थोडक्यात नाही. निर्माता फिल स्पेक्टरने एकेका गाण्यावर इतकी वाद्यं आणि इतका घुमारा चढवला की 'वा-वा'सारखं गाणं अंगावर येतं. खुद्द हॅरिसनने २००१ च्या आवृत्तीत लिहिलं की ही गाणी त्या अवजड निर्मितीतून सोडवावीशी वाटतात. २०२१ मध्ये पॉल हिक्सने केलेलं नवं मिश्रण त्याच इच्छेला धरून आहे: आवाज पुढे, घुमारा मागे. पहिल्यांदाच घेत असाल तर माझा कौल या २०२१ च्या आवृत्तीला. जुन्या घुमाऱ्यावर वाढलेल्या माझ्या पिढीला ते रुचणार नाही, पण शब्द आता कळतात. तिसरी रेकॉर्ड म्हणजे वादकांनी स्टुडिओत जमून केलेली वाजवावाजवी. तिच्यासाठी म्हणून कुणी पैसे खर्च करू नयेत. ती संचाबरोबर येते, एवढंच.

भारतीयपण दोन्हींकडे आहे, पण ते वेगवेगळं. 'माय स्वीट लॉर्ड'मध्ये कोरस हालेलुयावरून हरे कृष्णवर जातो आणि पाठीमागे 'गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णुः' हा आपल्या शाळेतला श्लोक ऐकू येतो. तिथे श्रद्धा आपली आहे, वाजतं ते सगळं तिकडचं. 'वंडरवॉल'मध्ये श्रद्धेचा उच्चार फार नाही. शेवटच्या 'सिंगिंग ओम'मध्ये हार्मोनियम, बासरी आणि ओंकार आहे तेवढाच. पण वाजवणारे हात इथले, हवा इथली.

तर निवड कशी करायची? तुम्हाला गाणी हवी असतील, म्हणजे शब्द, गुणगुणता येईल अशी चाल, मित्रांबरोबर वरच्या आवाजात ऐकण्याचा आनंद, तर 'ऑल थिंग्ज' घ्या. उपवन तलावाच्या काठाने फेरी मारताना ऐकायलाही तोच. घरात संतूर, सरोद, शहनाई ऐकलेली माणसं असतील, किंवा तुम्ही स्वतः कधी गाण्याच्या क्लासला गेला असाल, तर आधी 'वंडरवॉल'. रॉकचा नाद असलेला मुलगा आणि शास्त्रीय ऐकणारे आजोबा एका खोलीत बसून ऐकतील असे अल्बम फार नाहीत. लोकलमध्ये मात्र तो लावू नका, ते पनवेलचं उदाहरण फक्त वेळेपुरतं होतं. सूरबहारचा खर्ज गाडीच्या खडखडाटात बुडतो. रात्री दहानंतर, हेडफोनवर, दिवे मंद करून ऐका.

दोन्हींत मन अडकलं असेल तर मधली वाट १९७३ च्या 'लिव्हिंग इन द मटेरियल वर्ल्ड'ची. त्याच्या शीर्षकगीतात झाकिर हुसेन यांचा तबला आहे, आणि संपूर्ण अल्बमवर घुमारा कमी.

पैशांचं म्हणाल तर तीन रेकॉर्ड्सच्या संचापेक्षा एकच एलपी साहजिकच स्वस्त पडते. 'वंडरवॉल'ची सीडी घेणार असाल तर २०१४ ची शोधा. तिच्यात 'द इनर लाइट'चं नुसतं वाद्यसंगीत जास्तीचं दिलं आहे. बीटल्सच्या त्या गाण्याचं सगळं वादन याच मुंबईच्या दिवसांत झालं आणि मार्च १९६८ मध्ये ते 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला आलं. गायन वगळून ऐकल्यावर बासरी आणि सरोद एकमेकांना कुठे वाट देतात ते स्पष्ट कळतं. स्ट्रीमिंगवर दोन्ही अल्बम आहेत, तेव्हा पैसे टाकण्याआधी 'इन द पार्क' आणि 'इजन्ट इट अ पिटी' लागोपाठ ऐका.

भाच्याने 'वंडरवॉल' घेतला. कव्हरवर लाल विटांची भिंत आहे, अलीकडे टोपीवाला साहेब, पलीकडे भारतीय स्त्रिया. त्या साहेबाला काही संधी असावी म्हणून हॅरिसनने चित्रकाराला भिंतीतली एक वीट काढायला लावली होती. ती जागा कुठे आहे हे भाच्याने मला फोटो पाठवून, त्यावर गोल काढून दाखवलं. 'ऑल थिंग्ज' तो पुढच्या दिवाळीला घेणार आहे.