220 रुपयांची नियोजन वही आणि पेणचा श्रावण

2025 च्या मेच्या शेवटी रायगडातल्या पेणच्या बाजारात स्टेशनरीच्या दुकानात शिक्षकांसाठीची ही छापील वार्षिक नियोजन वही मिळाली. पहिली ते चौथी, सगळे विषय एकत्र, 220 रुपये. आमची शाळा दोन शिक्षकी, पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. म्हणून दोघांत एकच घेतली. प्रकाशकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अशा चार-पाच वह्या बाजारात आहेत आणि आतून सगळ्या बहिणी-बहिणीच दिसतात.

आधी चांगलं सांगते. मागच्या कव्हरच्या आत घडी घातलेला एक मोठा तक्ता आहे. उभे रकाने विषयांचे, आडव्या ओळी आठवड्यांच्या. मराठी, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास, कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण सगळं एका नजरेत. एकोणीस वर्षं मी प्रत्येक विषयाचं वार्षिक नियोजन वेगळ्या पानावर लिहीत आले. जुलैत एकाच आठवड्यात गणितात नवा घटक, मराठीत लांबलचक पाठ आणि वर चाचणी असं का साचतं, ते हा तक्ता भिंतीला लावल्यावर पहिल्यांदा दिसलं. पैसे इथेच वसूल झाले.

आता बाकीचं. पहिलीच्या पानांवर हिंदीच्या तासिका छापल्या आहेत. पहिलीपासून हिंदीचा एप्रिल 2025 चा शासन निर्णय बघून वही छापली असणार. 29 जूनला तो निर्णय मागे घेतला गेला, तोवर वही आमच्या कपाटात. यात प्रकाशकाचा दोष नाही, पण सरांनी लाल पेनाने रेघा मारल्यावर पान परीक्षेच्या पेपरासारखं दिसायला लागलं. पहिलीची पुस्तकंही 2025 लाच बदलली, त्यामुळे ती पानं तशीही वायाच गेली.

तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्यानुसार वेगळं असतं. वहीत मात्र एकाच जिल्ह्याचं नियोजन आहे आणि तो आमचा नाही. आमच्या पोरांना कुंडलिका, सावित्री, पाताळगंगा शिकायच्या, तर उपक्रमाच्या रकान्यात 'भीमा नदीची माहिती मिळवा'. मिळवतील की, पण कशाला?

आणि पाऊस! कायद्याने पाचवीपर्यंत 200 दिवस आणि 800 तास भरायला हवेत, ते वहीत नीट मोजलेत. पण जुलै-ऑगस्टचा प्रत्येक आठवडा सहा दिवसांचा धरलाय. रायगडात रेड अलर्ट आला की रात्री सुट्टीचा मेसेज येतो. 2025 ला गणपती 27 ऑगस्टला होते, त्या आठवड्यातही वहीत चौथीचा आख्खा घटक छापलेला. सात दिवस शाळेत कुत्रं फिरकत नाही हो! दर दोन महिन्यांनी एखादी ओळ कोरी सोडली असती तर मागे पडलेलं तिथे भरून काढता आलं असतं.

सगळ्यात राग आला तो 'समवाय' या रकान्याचा. डीएडला असताना समवाय म्हणजे एका विषयाचा धागा दुसऱ्यात नेणं, असं शिकलो. इथे पानापानावर 'मराठी : वाचन, लेखन' एवढंच छापलंय. गणितालाही तेच, परिसर अभ्यासालाही तेच. व्यवसायांचा घटक वहीत डिसेंबरात आहे. पेणमध्ये! इथे श्रावणात घराघरांत गणपतीचे कारखाने चालू असतात, माझ्या वर्गातली निम्मी मुलं घरी रंगकामाला हात लावून शाळेत येतात. मी तो घटक सरळ ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ओढला आणि तिसरीच्या गणितातलं वजनाचं मापन त्याच्या शेजारी आणून ठेवलं.

एका पालकांच्या कारखान्यात गेलो. त्यांनी शाडूचा एक ओला उंदीर करून दिला. शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर तो 410 ग्रॅम भरला. आठ दिवसांनी, वाळल्यावर, 330. तिसरीने वजाबाकी केली, चौथीने 'हे 80 ग्रॅम गेले कुठे' यावर पाच-पाच ओळी लिहिल्या. एकाने लिहिलं, 'उंदराला घाम आला.' त्यावरून बाष्पीभवनाचा तास आपोआप झाला. हे वेगवेगळ्या विषयांचं काम मी तक्त्यावर हिरव्या स्केचपेनने त्या त्या रकान्यांतून आडवी रेघ ओढून दाखवलंय. शाळा तपासायला केंद्रप्रमुख आले तेव्हा त्यांनी पाठाचं टाचण न मागता आधी ती रेघच विचारली.

जोडवर्गांची सोय वहीत अजिबात नाही. तिसरीला स्वयंअध्ययन देऊन चौथीला शिकवायचं, तर दोन्ही इयत्ता एका पानावर हव्यात. मी दोन पानं स्टेपल करून चालवते. कागदही पातळ, जेल पेनची शाई मागे उतरते.

पाचपैकी अडीच देईन, त्यातले दोन तक्त्याचे. एक वर्ग एक शिक्षक असलेल्या शहरी शाळेला कदाचित बरी पडेल. दुकानदाराला सांगून ठेवलंय की पुढच्या मेमध्ये नुसता तक्ता सुटा मिळाला, रकाने कोरे असले तरी चालतील, तर माझ्यासाठी दोन बाजूला ठेवा.