हायबरनेटचं मर्ज: पूर्ण ऑब्जेक्टसाठी भरवशाचं, अर्धवट ऑब्जेक्टसाठी घातक

हायबरनेट म्हणजे जावाचे ऑब्जेक्ट डेटाबेसाच्या टेबलांशी जोडणारी लायब्ररी, आणि सेशन म्हणजे डेटाबेसाशी चाललेलं तिचं कामाचं सत्र. सेशन बंद झालं की त्यातून आणलेला ऑब्जेक्ट डिटॅच्ड, म्हणजे सेशनपासून सुटलेला, होतो. त्यानंतर त्यात काहीही बदललं तरी हायबरनेटला पत्ता नसतो. तो बदल डेटाबेसात न्यायचं काम मर्जचं, आणि ते हे काम चोख करतं. फक्त ते नेमकं काय करतं हे आधी समजून घ्यायला हवं.

मर्ज तुमचा ऑब्जेक्ट सेशनला जोडत नाही. त्याच आयडीची एंटिटी (टेबलातल्या एका ओळीचा ऑब्जेक्ट) सेशनमध्ये शोधतं, नसली तर सिलेक्ट मारून आणतं, तुमच्या व्हॅल्यू तिच्यात उतरवतं आणि ती परत देतं. हातातला ऑब्जेक्ट डिटॅच्डच राहतो. म्हणून पुढचे बदल परत आलेल्या एंटिटीवरच करायचे. जुन्यावर केले तर एररही येत नाही, बदल गुपचूप हरवतो.

खरं नुकसान नल, म्हणजे न भरलेली व्हॅल्यू, करतो. समजा, फोन बदलायच्या फॉर्ममधून ग्राहकाचा आयडी, व्हर्जन (दर बदलाला वाढणारा ओळीचा आकडा) आणि नवा फोन एवढंच आलं. त्यातून एंटिटी बनवून मर्ज केली की नाव, पत्ता, जीएसटी नंबर तिन्ही कॉलम पुसले जातात. ‘पाठवलं नाही’ आणि ‘रिकामं केलं’ यांतला फरक मर्जला कळत नाही. डायनॅमिक अपडेट (फक्त बदललेले कॉलम लिहिणं) लावूनही सुटका नाही, कारण नल हाही बदलच धरला जातो. ऑर्डरच्या ओळींवर कॅस्केड मर्ज (मुख्य ऑब्जेक्टबरोबर जोडलेलेही मर्ज होणं) आणि ऑर्फन रिमूव्हल (यादीतून गेलेलं डिलीट होणं) असेल आणि यादी रिकामी आली, तर ओळीच डिलीट होतात!

अशा फॉर्मसाठी मर्ज नकोच. ट्रान्झॅक्शनमध्ये फाइंड करा, फोन सेट करा, कमिट करा. अपडेट आपोआप जातं. स्प्रिंग डेटा या लायब्ररीचं सेव्हसुद्धा लागत नाही. जुन्या रेकॉर्डसाठी तेही आतून मर्जच बोलावतं.

मात्र फाइंडच्या या वाटेवर व्हर्जनचा खड्डा आहे. मर्ज करताना ऑब्जेक्टमधलं व्हर्जन जुनं निघालं तर ऑप्टिमिस्टिक लॉकचं एक्सेप्शन येतं, दुसऱ्याने मधेच केलेला बदल वाचतो. फाइंड केलेल्या एंटिटीत फॉर्ममधलं व्हर्जन सेट करून हे साधत नाही. अपडेटच्या वेअर अटीत हायबरनेट स्वतः वाचलेलं व्हर्जनच घालतं. त्यामुळे दोन्ही व्हर्जन स्वतः ताडून, जुळली नाहीत तर तिथेच थांबवायचं.

वेगाच्या बाबतीत मर्जला कमी गुण. रिकाम्या सेशनमध्ये ५०० ऑब्जेक्ट एकेक करून मर्ज केले तर ५०० सिलेक्ट होतात, आणि जेडीबीसी बॅच साइझ (एका खेपेत किती स्टेटमेंट पाठवायची ते) त्यांना लागू पडत नाही, ती अपडेटसाठी आहे. आधी एकाच इन क्वेरीने सगळे आयडी सेशनमध्ये आणून ठेवले की मर्जला ते तिथेच सापडतात.

जुन्या कोडमधलं सेशनचं अपडेट आणि सेव्ह-ऑर-अपडेट हायबरनेट ७ मध्ये काढून टाकलंय, आणि ते योग्यच झालं. त्याच आयडीचा दुसरा ऑब्जेक्ट सेशनमध्ये आधीच असला की अपडेट नॉन-युनिक-ऑब्जेक्ट एक्सेप्शन फेकायचं. सिलेक्टशिवाय थेट अपडेट हवंच असेल तर स्टेटलेस सेशन, म्हणजे ऑब्जेक्ट लक्षात न ठेवणारं सेशन, आहे. त्यात कॅस्केड नाही, डर्टी चेकिंग (काय बदललं ते आपोआप ओळखणं) नाही, त्यामुळे तिथेही ऑब्जेक्ट पूर्ण भरलेलाच द्यावा लागतो.