उपकेंद्रातली लाल गोळी : उसाच्या फडावर कितपत चालते?

गरोदर बाईला फुकट मिळते म्हणून लोहाच्या या गोळीवर हलकेपणाचा शिक्का बसलाय, तो चुकीचा आहे. आशाताईकडून मिळणाऱ्या या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. मेडिकलमधली फेरस ॲस्कॉर्बेटची (तेही लोहच) गोळी काहींच्या पोटाला जास्त सोसते, एवढंच. त्यासाठी मजूर बाईने महिन्याला शेकड्यांनी पैसे घालवायची गरज नाही.

गरोदरपणाचे पहिले तीन महिने नुसतं फॉलिक ॲसिड. चौथ्यापासून ही गोळी रोज एक, निदान 180 दिवस; बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस. हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर रोज दोन. 7 च्या खाली गेलं की गोळीवर विसंबू नये. तिथे शिरेतून लोह लागतं, कधी रक्त चढवावं लागतं. दिवस भरत आले असतील तर सरळ दाखल करायचं.

गोळी फसते ती वेळेपायी. शिरोळ-हातकणंगले पट्ट्यातली ऊसतोड टोळी बघा. बाई पहाटे अंधारात उठते, तीन दगडांच्या चुलीवर चहा उकळते, भाकरी बांधते आणि आठवण राहावी म्हणून गोळी चहाच्या घोटाबरोबरच घेते. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. त्यात कॅल्शियमची गोळीही सोबतच गिळली तर उरलंसुरलंही वाया. म्हणून कॅल्शियमच्या दोन गोळ्या (500 मिलिग्रॅमची एकेक) सकाळच्या न्याहारीला आणि दुपारच्या भाकरीला. लाल गोळी रात्री, जेवणानंतर तासाभराने, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. दोन गोळ्या असतील तर दुसरीसाठीही चहा आणि कॅल्शियमपासून दोन तासांचं अंतर हवंच.

रात्री घेतली की मळमळही झोपेत निघून जाते. शी काळी होते. ते लोहाचं काम आहे, घाबरायचं नाही. ‘गोळी उष्ण पडते, पोट साफ होत नाही’ ही तक्रार खरी, पण दोष सगळा गोळीचा नाही. फडात आडोसा नसतो म्हणून बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. मग खडा होणारच. बाळ काळं होतं, फार मोठं होऊन बाळंतपण अडतं, हे दोन्ही समज मात्र निव्वळ खोटे.

महिन्याने रक्त पुन्हा तपासून घ्या. 1 ग्रॅमसुद्धा वाढलं नसेल तर आधी पट्टीतल्या उरलेल्या गोळ्या मोजा, मग चहाचं विचारा. अनवाणी चालणाऱ्या बाईच्या पोटात अंकुशकृमी असू शकतात. तिसरा महिना उलटल्यावर 400 मिलिग्रॅम अल्बेंडाझोल, म्हणजे जंताची गोळी, एकदाच देतात. ती दिली, गोळ्याही नेमाने चालू आहेत आणि तरी आकडा हलत नसेल, तर मोठ्या दवाखान्यात दाखवायचं. (गूळ-शेंगदाणे खा, कोल्हापूरचा गूळ आहेच नावाजलेला, पण 60 मिलिग्रॅम लोह गुळातून भरायचं म्हटलं तर ढेपेलाच हात घालावा लागेल.)

टोळी पुढच्या फडावर हलली की गोळ्यांचा खंड पडतो, आणि मुकादम खाडा धरतो म्हणून उपकेंद्रापर्यंत जाणं होत नाही. माता-बाल संरक्षण कार्ड गावी ठेवून येऊ नये. प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत आणावं आणि नव्या गावच्या आशाताईला दाखवावं. पुढच्या गोळ्या त्यावर मिळतात.

पाचपैकी चार गुण. एक कापला तो रंगरूपासाठी. लाल, चकचकीत, वर साखरेचं आवरण. कोपीत (टोळीच्या झोपडीत) रांगणाऱ्या पोराला ती खाऊच वाटते. लहान मुलाने अशा चार-सहा गोळ्या खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं. उलट्या व्हायची वाट न बघता 108 ला फोन करा. आणि पट्ट्या उशाखाली नकोत. घट्ट झाकणाच्या डब्यात, कोपीच्या वरच्या बांबूला टांगून ठेवा.