१६०, ६३० की २२०० मीटर? शेतात वायर ओढायच्या आधी

दिवाळी झाली की हॅम रेडिओवाल्यांपैकी, म्हणजे हौसेनं स्वतःच्या रेडिओवरून बोलणाऱ्यांपैकी, कुणी ना कुणी विचारतंच, ४० मीटरवर भरपूर बोलून झालं, आता खाली उतरायचंय, कुठला बँड घेऊ. बँडचं नाव लाटेच्या लांबीवरून असतं, म्हणून मीटरचा आकडा वाढतो तशी फ्रिक्वेन्सी खाली जाते. खाली म्हणजे आधी १६० मीटर, १.८ मेगाहर्ट्झच्या आसपास, त्याच्या खाली ६३० मीटर म्हणजे ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ, आणि सगळ्यात खाली २२०० मीटर, १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ, ही पट्टी एवढी बारीक की त्यात आपला नेहमीचा एक एसएसबी (बोलायचा मोड) आवाजसुद्धा मावत नाही. मी १६० वर बोललोय आणि खालच्या दोन्हींवर रात्र रात्र नुसतं ऐकलंय, त्यावरून जे मत झालं ते आधीच सांगतो: कुठला बँड घ्यायचा हे तुमचा रिग, म्हणजे रेडिओ सेट, ठरवत नाही, तुमची जागा ठरवते. जमीन किती, कसली, आणि रात्री तिथं नॉइज, म्हणजे रेडिओतली नको असलेली खरखर, किती.

आधी अँटेनाचं गणित बघू कारण सगळं तिथंच अडतं. पाव वेव्हलेंथचा (लाटेच्या लांबीच्या पावपट) उभा अँटेना १६० ला ४१ मीटर, ६३० ला १५८ मीटर आणि २२०० ला ५५० मीटर लागतो, म्हणजे शेतात उभं करणं शक्यच नाही, मग आपण काय करतो तर १० मीटरचा पाईप उभा करतो आणि त्याच्या टोकापासून लिंबाच्या झाडापर्यंत ४० मीटर आडवी वायर ताणतो, इन्व्हर्टेड एल. आता हीच वायर तिन्ही बँडवर लावून बघा. रेडिएशन रेझिस्टन्स, म्हणजे ताकदीचा किती हिस्सा हवेत जाईल ते ठरवणारा आकडा, १६० वर साधारण ६ ओहम, ६३० वर ०.४ आणि २२०० वर फक्त ०.०३ ओहम. उरलेलं सगळं जमिनीत आणि कॉईलमध्ये गरम होऊन जातं. जमिनीचा लॉस १६० वर २०, ६३० वर ४० आणि २२०० वर ५० ओहम धरला तर १०० वॅट घातल्यावर १६० वर वीस-बावीस वॅट हवेत जातात, ६३० वर एक वॅट, आणि २२०० वर वॅटचा पंधरावा-सोळावा हिस्सा. एकच पाईप, एकच वायर, आणि एवढा फरक.

मग कॉईल, आखूड पडलेल्या वायरची कसर ती भरून काढते. त्या ५० मीटर वायरची कपॅसिटी २६० पिकोफॅरडच्या आसपास येते, तिला ६३० वर जुळवायला साधारण ४३० मायक्रोहेन्री लागतात, म्हणजे ६ इंची पीव्हीसी पाईपवर सत्तर-पंच्याहत्तर फेरे, एका दुपारचं काम. २२०० ला लागतात ५ मिलिहेन्री, एक फूट व्यासाच्या प्लास्टिकच्या ड्रमवर पावणेदोनशे फेरे, जवळपास १७० मीटर वायर. वायरची काळजी नाही, आपल्याकडं प्रत्येक तालुक्याच्या गावी मोटार वाइंडिंगची दुकानं आहेत, तांब्याची एनॅमल वायर किलोवर मिळते आणि दुकानदाराला गेज सांगितला की तो बरोबर काढून देतो. काळजी व्होल्टेजची. १ वॅट ईआयआरपी (सगळीकडं सारखं सोडणाऱ्या अँटेनाच्या हिशोबानं हवेत जाणारी ताकद) ही खालच्या दोन बँडची मर्यादा गाठायची म्हटलं तर ६३० वर कॉईलच्या वरच्या टोकाला हजार-बाराशे व्होल्ट येतात, २२०० वर तेच चौदा हजारांच्या घरात. शेतात लेकरं फिरतात, गुरं फिरतात, ओल्या पावसाळी हवेत तर वायरच्या टोकाला सरसर आवाज येऊन निळसर ठिणगी दिसू शकते, त्यामुळं कॉईलभोवती पक्कं कुंपण घालणं होत नसेल तर २२०० वर ट्रान्समिटचा विचारही करू नका, मी हे मनापासून सांगायलो.

आता जमीन. माझं शेत सेलूच्या बाजूला दुधनेकाठी, काळी कसदार जमीन, आणि या कामाला काळी जमीन म्हणजे अर्धी लढाई जिंकल्यासारखं आहे कारण ओल असली की ती वीज छान वाहून नेते. पण हीच जमीन एप्रिल-मे मध्ये हातभर फाटते, भेगा पडतात, अर्थचा रॉड सैल होतो आणि जानेवारीत जुळलेलं ट्यूनिंग मे मध्ये हलतं. ज्यांचं शेत बालाघाटच्या डोंगराकडं, बीड-धाराशिवच्या मुरमाड माळावर आहे त्यांना रॉडवर भागणार नाही, जमिनीवर चारी दिशेला रेडियल वायरी पसराव्या लागतील, जितक्या जास्त तितकं बरं. जुन्या बोअरला लोखंडी केसिंग असेल तर तोही अर्थला जोडा. माझ्याकडं तो जोडल्यावर १६० वर अँटेनाचा करंट डोळ्याला दिसेल इतका वाढला, नवीन बोअरला मात्र पीव्हीसी केसिंग असतो, त्याचा उपयोग नाही.

नॉइजबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण बहुतेक जण इथं हार मानतात. गावातल्या घरात ६३० वर ऐकायला बसलो तेव्हा वॉटरफॉल, म्हणजे सिग्नल रंगांत दाखवणारा लॅपटॉपचा पडदा, नुसता पिवळाजर्द, कुठलीही रेघ दिसेना. एलईडी बल्ब, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर, सगळ्यांचा कचरा नेमका या पट्ट्यात येतो, आणि बँड जितका खाली तितका जास्त. मग एक रात्र आली, डिसेंबरची, पावणेअकराला लाईट गेली, पूर्ण गावाची. लॅपटॉप बॅटरीवर होता, रिसीव्हर ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर, आणि समोरचा पिवळा पडदा एका सेकंदात गडद निळा झाला आणि त्यात बारीक रेघा उभ्या राहिल्या, विमानांसाठीच्या बीकनचे मोर्समधले दोन-दोन अक्षरांचे कॉल, आणि ५१८ वर जहाजांना हवामान सांगणारं नॅव्हटेक्स. चाळीस मिनिटांनी लाईट आली आणि सगळं पुन्हा बुडालं. तेव्हापासून लोडशेडिंगचं वेळापत्रक मी भिंतीला चिकटवून ठेवलंय आणि त्याच वेळेला ऐकायला बसतो. शेतात राहत असाल तर निम्मा प्रश्न सुटला, फक्त सोलर पंपाचा कंट्रोलर आणि गोठ्यातला एलईडी एकदा बंद करून बघा. माझा सगळ्यात मोठा नॉइज गोठ्यातल्या एका बल्बचा निघाला, तो शोधायला तीन आठवडे गेले.

नॉइज शोधायलाच नाही, टाळायलाही लूप अँटेना लागतो. दोन लाकडी पट्ट्यांची फुली, मीटरभर बाजूचा चौकोन, त्यावर दहा-बारा फेरे, जुन्या रेडिओचा स्टेशन बदलायचा गँग कंडेन्सर लावला की ६३० वर जुळतो, २२०० ला तीसेक फेरे आणि जास्तीचे कंडेन्सर. हा फिरवला की एका दिशेचा आवाज जवळजवळ गायब होतो, तुम्ही तो नॉइजच्या दिशेला आंधळा करायचा. ऐकायला लांब वायरपेक्षा हा लूप बरा, ट्रान्समिटला मात्र वायरच. एक गोष्ट लक्षात ठेवा, जुना ट्रान्झिस्टर मॉडिफाय करून ६३० ऐकायचा बेत असेल तर जमणार नाही, त्याचा आयएफ, म्हणजे आत प्रत्येक स्टेशन ज्या फ्रिक्वेन्सीवर आणलं जातं ती, ४५५ किलोहर्ट्झ असतो, अगदी शेजारी, तो स्वतःच्याच आवाजात गोंधळतो. आयकॉम ७३०० सारखा रिग ३० किलोहर्ट्झपासून ऐकतो, कमी बजेटमध्ये एसडीआर, म्हणजे कॉम्प्युटरला जोडायचा रिसीव्हर, त्याला खालची फ्रिक्वेन्सी वर उचलणारा अपकन्व्हर्टर लावलेला.

ऐकू काय येतं हाही फरक मोठा. १६० वर माणसं भेटतात, हिवाळ्याच्या रात्री दक्षिणेतली स्टेशनं गप्पा मारतात, मोर्स येत असेल तर पहाटे परदेशही लागतो, पण दिवसा हा बँड मेलेला, वातावरणाच्या वरच्या भागातला डी लेयर सगळं पिऊन टाकतो. ६३० वर आवाज जवळपास नाहीच, सगळं मोर्स आणि कॉम्प्युटरचे मोड. डब्ल्यूएसपीआर इथं फार चालतो, तो २००८ मध्ये जोसेफ टेलर यांनी काढला, हेच ते १९९३ चे फिजिक्सचे नोबेलवाले, एक संदेश जवळपास दोन मिनिटं चालतो आणि कानाला काहीच ऐकू येत नसताना कॉम्प्युटर कॉलसाईन, म्हणजे स्टेशनची ओळख, काढून दाखवतो. २२०० वर त्याहून संथ, एफएसटी४डब्ल्यू मध्ये एक संदेश अर्ध्या तासापर्यंत ताणता येतो, आणि क्यूआरएसएस म्हणजे सावकाश मोर्स, एक डॉट तीन सेकंद, तीस सेकंद, साठ सेकंदसुद्धा. तुम्ही जेवून येता तोवर एक अक्षर पूर्ण होतं. ज्याला शेतात उगवण बघत बसायला आवडतं त्याला हे आवडेल, ज्याला गप्पा हव्यात त्याला नाही.

लायसन्सचं स्पष्ट बोलू. २२०० मीटर २००७ च्या आणि ६३० मीटर २०१२ च्या जागतिक रेडिओ परिषदेत हौशी लोकांना दुय्यम म्हणून, म्हणजे मूळ वापरणाऱ्यांना अडथळा न करता, मिळाले, ताकदीची मर्यादा १ वॅट ईआयआरपी, ६३० ला जगाच्या काही भागांत ५ वॅटपर्यंत मुभा. पण तुमच्या हातातल्या लायसन्सवर जो बँड छापलेला नाही तिथं एक मिलिवॅटही सोडायचा नाही. ऐकण्यातच इतकं आहे की मी दोन हिवाळे त्यातच घालवले.

आणि ज्यांच्याकडं शेत नाही, लायसन्स नाही, बजेट नाही, त्यांच्यासाठी चौथा रस्ता, मला तर तो फार आवडतो. लॅपटॉपचं साऊंड कार्ड ४८ किलोहर्ट्झवर सॅम्पल करतं म्हणजे २४ पर्यंत ऐकतं, माईकच्या खाचेत मोठा लूप लावला की तमिळनाडूतल्या नौदलाच्या आयएनएस कट्टबोम्मन केंद्राचा १८.२ किलोहर्ट्झचा सिग्नल हजार-बाराशे किलोमीटरवरून भरदिवसा येतो. त्यातलं काही वाचायचं नसतं, फक्त ताकद मोजायची. सूर्य उगवताना आणि मावळताना तिचा आलेख खालीवर होतो, आणि सूर्यावर मोठी ज्वाला उठली की भरदुपारी अचानक उडी मारतो. रात्री त्याच लूपवर दूरच्या विजांचे ट्वीक ऐकू येतात, चिमणीसारखे, टुक टुक. दहावीतल्या लेकराला सायन्सच्या प्रदर्शनाला यापेक्षा चांगला प्रोजेक्ट मला तरी माहीत नाही.

विजांवरून आठवलं. हे सगळं नोव्हेंबर ते फेब्रुवारीचं काम आहे. मार्चपासून अवकाळी सुरू झाली की तिन्ही बँडवर खडखडाट आणि मराठवाड्यात शेतात वीज पडून दरवर्षी माणसं जातात, त्यामुळं ढग दिसले की वायर रिगपासून सोडून बाहेरच अर्थला अडकवायची आणि शेतातून निघायचं. ११ केव्हीच्या लाईनच्या खालून-वरून तर वायर कधीच न्यायची नाही, तुटून पडली तरी तिच्यापर्यंत पोचणार नाही एवढं अंतर सोडायचं.

तर यंदाच बोलायचंय, लायसन्स आहे आणि पन्नास मीटर जागा आहे, तर १६० घ्या, डोळे झाकून. शेतावर शांतता आहे, हाताला कॉईल गुंडाळायची हौस आहे आणि ऐकायला वेळ आहे, तर ६३०, माझी स्वतःची पसंती हीच, कारण कॉईल हाताळता येते आणि पल्लाही चांगला आहे. २२०० ला हात घालण्याआधी ६३० चा एक पूर्ण हिवाळा काढा, तुमची अर्थ किती पाण्यात आहे ते तिथंच कळतं. आणि कुठलाही घेतला तरी पाईप आणायच्या आधी लूप करून रात्री शेतात एक फेरी मारा, विहिरीपाशी, गोठ्यापाशी, डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) लांबच्या बांधावर, जिथं पडदा सगळ्यात निळा दिसेल तिथं खुंटी ठोका.