लेक लुईसचा कॅम्पर-तळ: गाडी उभी करा आणि चालायला लागा

कॅनडातल्या कॅल्गरीहून पश्चिमेला साधारण १८० किलोमीटरवर, बान्फ नॅशनल पार्कमध्ये लेक लुईस हे छोटं गाव आहे. इथे पार्क्स कॅनडाचे, म्हणजे राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेचे, दोन तळ शेजारी शेजारी आहेत. हा ग्रिझली अस्वलांचा मुलूख असल्यामुळे तंबूंच्या तळाला विजेचं कुंपण घातलंय. दुसरा तळ फक्त पक्क्या भिंतींच्या कॅम्परसाठी, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाड्यांसाठी. कापडी भिंतींचा पॉप-अप कॅम्पर किंवा टपावरचा तंबू तिथे चालत नाही, त्यामुळे भाड्याची गाडी ठरवतानाच हे विचारून घ्या. ही समीक्षा या दुसऱ्या तळाची.

नुसतं निवांत बसून राहायचं असेल तर ही जागा मध्यम आहे. बो नदी लागून आहे आणि झाडी छान आहे, पण मालगाड्यांचा लोहमार्ग जवळून जातो आणि गाड्या रात्रीही धावतात. कानात घालायचे बोळे न्याच. डोंगर चालायला आलेल्यांना मात्र याहून सोयीचा मुक्काम या भागात मिळणं कठीण, कारण एकदा गाडी लावली की परत निघेपर्यंत ती हलवावी लागत नाही.

गावाच्या वर याच नावाचं सरोवर आहे. त्याच्या काठचा वाहनतळ सशुल्क आहे आणि उन्हाळ्यात सकाळीच भरतो. मोठा कॅम्पर घेऊन तिथे जागा शोधत फिरणं म्हणजे डोकेदुखीच. त्यापेक्षा गावातून लुईस क्रीकची पायवाट धरा: एका बाजूने २.८ किलोमीटर, चढ १९५ मीटर. जुन्या ट्रामच्या मार्गावरून जाणारी ट्रामलाइन वाट ४.५ किलोमीटरची आहे, पण चढ अंगावर येत नाही. गुडघे कुरकुरत असतील तर हीच बरी. तळापासून गावापर्यंतचं अंतर वेगळं धरा. वर पोचल्यावर लेक ॲग्नेसचं चहाघर आणखी साडेतीन किलोमीटर आणि जवळपास ४०० मीटर चढावर आहे.

मोरेन लेक या जवळच्या दुसऱ्या सरोवराच्या रस्त्यावर खासगी गाड्यांना २०२३ पासून बंदी आहे. पार्कची शटल बस स्की रिसॉर्टच्या वाहनतळावरून सुटते. तिच्या काही जागा वसंतातच विक्रीला येतात. उरलेल्या जागा प्रवासाच्या दोन दिवस आधी, तिथल्या सकाळी आठला खुल्या होतात. तेव्हा भारतात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात, म्हणजे पुण्यात बसलेला भाऊसुद्धा तिकीट काढून देऊ शकतो. एकाच तिकिटावर दोन्ही सरोवरांमधली जोड-बसही मिळते. मोरेनवरून लार्च व्हॅलीमार्गे सेंटिनेल पास ही खिंड ५.८ किलोमीटर, चढ ७२५ मीटर, माथा २,६११ मीटर. सप्टेंबरच्या शेवटी लार्चची झाडं सोनेरी होतात आणि तो रंग खरोखर डोळ्यांत साठवण्यासारखा असतो. अस्वलांचा वावर वाढला की या भागात किमान चौघांनी एकत्र चालण्याची सक्ती होते. दोघंच असाल तर वाटेच्या तोंडाशी थांबून सोबत जमवा. अस्वलांसाठीचा स्प्रे कमरेला हवा, पाठपिशवीच्या तळाशी असून उपयोग नाही.

आता गाडीच्या आतलं. जागेवर वीज मिळते, पाण्याची आणि सांडपाण्याची जोडणी नाही. ३० अँपियरची जोडणी १२० व्होल्टवर ३,६०० वॉट देते. दीड हजार वॉटचा हीटर चालू असताना इंडक्शन आणि किटली लावली की ब्रेकर पडणारच. म्हणून स्वयंपाक प्रोपेन गॅसवर करा. या उंचीवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. लहान कुकर घरून आणाच. फोडणी देताना छताचा पंखा लावा आणि खिडकी किंचित उघडी ठेवा, नाहीतर धुराचा अलार्म वाजतो आणि गाद्यांना वास बसतो. खरकटी भांडी, कुकर, तेलाची बाटली, अगदी रिकामा कूलरही बाहेर ठेवायचा नाही. हा नियम कडक आहे आणि योग्यच आहे: माणसाच्या अन्नाला चटावलेलं अस्वल बहुतेकदा जिवानिशी जातं.

ताटातली शितं आणि तेल कागदाने पुसून कचऱ्यात टाका, मगच भांडी धुवा. शितं सिंकमधून टाकीत गेली की कुजतात, सेन्सर खोटा आकडा दाखवू लागतो आणि गाडीभर दुर्गंधी पसरते. मैल्याच्या टाकीत सुरुवातीलाच थोडं पाणी आणि रसायन घाला, कागदही लवकर विरघळणाराच वापरा. डम्प स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, आधी मैल्याची टाकी सोडा, मग सिंक-शॉवरची. त्या साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. उलट क्रमाने केलंत तर मैला नळीतच राहतो.

जुलैतही रात्री पारा चार-पाच अंशांवर येतो. गाडी उबदार ठेवणारी फर्नेस प्रोपेनवर चालत असली तरी तिचा पंखा बॅटरीवर फिरतो. इथे वीज असल्यामुळे फिकीर नाही, पण पुढे जॅस्पर गावाकडे जाताना वीज नसलेल्या तळावर राहणार असाल तर निघण्यापूर्वी बॅटरी पूर्ण भरलेली हवी. तिकडे जाणाऱ्या २३२ किलोमीटरच्या आइसफील्ड्स पार्कवे या रस्त्यावर मधे इंधन फक्त सॅस्कॅचवन क्रॉसिंगला, तेही हंगामातच, आणि मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते. म्हणून पेट्रोल, पाणी आणि नकाशा लेक लुईसलाच भरून घ्या.