ग्राइंडर, आठ महिने आणि विश्वामित्रीची मगर

रंगीत काचकामासाठी काचेच्या कडा घासायचं मशीन, म्हणजे ग्राइंडर, घेऊन आठ महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते, तिसऱ्या महिन्यात जेमतेम एक.

कंपनीचं नाव लिहीत नाही. हेच निळं खोकं चार नावांनी विकलं जातं, स्टिकर तेवढं बदलतं. पोळ्यांच्या मोठ्या डब्याएवढं मशीन, वर प्लास्टिकची जाळी, मधोमध हिऱ्याची पूड बसवलेला उभा बिट गरगर फिरतो. जाळीखाली पाणी. बिटच्या पाठीला स्पंज असतो, तो पाणी ओढून बिट ओला ठेवतो. कापलेल्या काचेची कड बिटला टेकवायची आणि घासायची, एवढंच काम.

२०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी गावात शिरली आणि तिच्याबरोबर मगरीही आल्या, हे बडोदेकरांना सांगायला नको. तेव्हापासून डोक्यात होतं की रंगीत काचेची एक मगर करायची आणि दांडिया बाजारातल्या आमच्या घरी पश्चिमेच्या खिडकीत टांगायची. लहानपणी लक्ष्मी विलास पॅलेसच्या दरबार हॉलमधल्या बेल्जियमच्या रंगीत काचा मान अवघडेपर्यंत बघितल्या होत्या. युरोपातल्या तसल्या चित्रांच्या खिडक्यांचं तंत्र वेगळं: काचेवर रंगवून भट्टीत भाजायचं आणि तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवायचे. घरच्या टेबलावर जमतं ते तांब्याच्या पट्टीचं. प्रत्येक तुकड्याच्या कडेभोवती चिकट तांब्याची पट्टी गुंडाळायची, तुकडे मांडायचे आणि सांध्यांवर सोल्डर, म्हणजे डाग द्यायचा धातू, वितळवून सोडायचं. टिफनी या अमेरिकी कलाकाराच्या रंगीत काचेच्या दिव्यांमुळे ही पद्धत जगभर गेली.

माझं पॅनल २२ इंच लांब, ९ इंच उंच, तुकडे ५३. चित्र काढताना वाटलं होतं, मशीन आहे, मग अडायचं काय?

जिथे खरंच अडतं तिथे मशीन सोन्यासारखं आहे, हे आधी सांगते. काच सरळ रेषेत मुकाट तुटते, बाहेर फुगलेल्या वळणावरही फार कुरकुर करत नाही. आत खोल गेलेलं वळण मात्र ती कधीच मनापासून स्वीकारत नाही. जबड्याखालचा पाण्याचा तुकडा असाच, चंद्रकोरीसारखा. एका दमात तोडायला गेलं की टोक उडालंच. उथळ वळणांनी थोडी थोडी काच काढत आत जायचं आणि शेवटचे दोन-तीन मिलिमीटर बिटवर घासायचे. मोठा बिट १९ मिलिमीटरचा, छोटा ६ मिलिमीटरचा. कोपऱ्यात छोटाच शिरतो. तीन तुकडे फोडल्यावर चौथा बसला. मशीन नसतं तर तो बसलाच नसता.

पण ग्राइंडर आल्यावर माझा हात बिघडला. पाठीवरचे खवले, १७ तुकडे, मी आळसाने कापले. रेषेच्या बाहेर दोन मिलिमीटर राहिले तरी ‘घासून घेऊ’. मग घासत बसले रोज संध्याकाळी, मानेला रग लागेपर्यंत. घासलेला तुकडा कागदावर ठेवावा तर एकीकडे पोट, दुसरीकडे फट. एक सरळ केला की शेजारचा वाकडा वाटायचा.

रावपुऱ्यात खिडक्यांच्या काचा बसवणाऱ्या एका दुकानातून मी जाळीदार नक्षीची पांढरी काच आणते. त्या भाईंना अर्धवट काम फोनवर दाखवलं. निरखून म्हणाले, “बेन, आ मगर छे के गरोळी?” म्हणजे ही मगर की पाल? मग हसू आवरून त्यांनी माझ्या हातातला काच कापायचा कटर घेतला. रेघ एकदाच ओढायची, एकसारख्या दाबाने, या कडेपासून त्या कडेपर्यंत, काचेच्या गुळगुळीत बाजूवर. बारीक कुरकुर ऐकू आली पाहिजे. पांढरा भुगा उडाला तर दाब जास्त झाला. त्याच रेघेवरून पुन्हा कधी फिरवायचं नाही, कटरचं चाक बोथट होतं आणि काच वाटेल तिकडे तडकते. दहा मिनिटांच्या त्या शिकवणीनंतर खवले पुन्हा कापले. बहुतेकांना बिटवर फक्त धार मोडण्यापुरतं टेकवावं लागलं.

आता मशीनचे दोष. बिट दांड्यावर एका बारीक स्क्रूने घट्ट बसतो. मी तीन आठवडे काढलाच नाही आणि आमच्या बोअरच्या पाण्याने तो जागीच धरला. पक्कड, गरम पाणी, हातोडीचे हलके ठोके, सगळं झालं. विक्रेत्याला दोनदा लिहिलं, उत्तर नाही. शेवटी मिक्सर दुरुस्त करणाऱ्याने काढून दिला. आता दर वेळी काम संपलं की बिट काढते, पुसते, दांड्याला व्हॅसलीन लावते. हे पुस्तिकेत एका ओळीत लिहिता आलं असतं. स्पंज इतका हलका की सहा आठवड्यांत चिंधी झाला. मी भांडी घासायच्या स्पंजाचा तुकडा कापून बसवते, तो जास्त टिकतो. कोरडं मात्र कधी घासू नका, कडेचे टवके उडतात आणि काच तापून तडकते. मे महिन्यात मोटर पंधरा मिनिटांत हात लावू देत नव्हती. ट्रेमधला गाळ मोरीत ओतू नका, सिमेंटसारखा बसतो. वाळला की तीच काचेची पूड हवेत उडते, म्हणून ओला असतानाच कागदात गुंडाळून टाकायचा. डोळ्यांना चष्मा हवाच, नंबरचा असला तरी वरून दुसरा.

घासलेला तुकडा भांड्यांच्या साबणाने धुवून पूर्ण कोरडा केल्याशिवाय पट्टी चिकटत नाही. पावसाळ्यात माझ्या निम्म्या पट्ट्या रात्रीत सुटल्या, आता रोल चेनच्या पिशवीत असतो. आणखी एक चूक सांगते, ती कुणी आधी सांगितली नव्हती. पट्टीची चिकट बाजू तांबडी, काळी किंवा चंदेरी मिळते. पारदर्शक काचेला ती आतून दिसते. मी पाण्याच्या तुकड्यांना तांबडी लावली आणि वरून सोल्डर काळं केलं. आता बाजूने बघितलं की पाण्यात तांब्याची रेघ चमकते. पाहुणे कौतुक करतात, मी सुधारत नाही.

सोल्डरिंगला घरातलं पंचवीस वॅटचं आयर्न चालेल हा माझा भ्रम होता. सोल्डर नुसतं गोळे होऊन बसलं. ऐंशी-शंभर वॅटचं, पसरट टोकाचं घ्या. सोल्डर ६०/४० चं, म्हणजे साठ टक्के कथील आणि चाळीस टक्के शिसं, आत राळ नसलेलं. रेडिओवाल्यांच्या तारेतली राळ काचेवर चिकट डाग पाडते. सोल्डर तांब्याला धरावं म्हणून लागतं ते फ्लक्स वेगळं लावायचं. शिसं आहे म्हणून हे सगळं गच्चीवर चालतं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, “तिथे चहाचा कपसुद्धा न्यायचा नाही, आणि हात धुतल्याशिवाय देवघरात यायचं नाही.” दोन्ही नियम योग्यच आहेत.

मगरीचा जबडा मिटला तरी खालचा चौथा दात बाहेर दिसतो. एवढा बारीक तुकडा काचेत निघेना, म्हणून तांब्याच्या तारेला सोल्डर चढवून वरून जोडला. पॅनलमधलं मला सगळ्यात आवडलेलं काम तेच, आणि त्यात ग्राइंडरचा काडीचा संबंध नाही.

तारे साडेतीन. पण पहिलं पॅनल सरळ रेषांचं करा, फक्त कटरवर, आणि मशीन त्यानंतर घ्या. पैसे आधी आत तेल भरायच्या चांगल्या कटरवर आणि आयर्नवर घाला. माझं पंचवीस वॅटचं आयर्न पडून आहे. शेजारचा मुलगा काहीतरी सर्किट जुळवायला मागत होता, उद्या त्याला देऊन टाकणार.